फळ्यांच्या पुलावर स्लॅब पडला त्याची गोष्ट

आमच्या धंद्याला सेंटरिंग म्हणतात. ज्यांनी कधी बांधकामावर उभं राहून पाहिलेलं नाही त्यांना हा शब्द नुसता ऐकून कळत नाही, म्हणून आधी तेवढं सांगून टाकतो. काँक्रीट ओततात तेव्हा ते सैल खिचडीसारखं असतं. त्याला अंग टाकायला खाली काहीतरी लागतं. ते आम्ही करतो. लाकडाची किंवा प्लायची जमीन तयार करायची, तिला खालून टेकू द्यायचे, वर काँक्रीट ओतू द्यायचं आणि ते आपल्या पायावर उभं राहायला शिकलं की आपली जमीन काढून घ्यायची. म्हणजे मी आयुष्यभर लाकडाच्या जमिनी केल्या आणि आयुष्यभर मोडल्या. सुरतेत माझ्या हाताखालून गेलेल्या इमारती पुष्कळ आहेत, पण त्यातल्या एकीतही माझं म्हणून दाखवायला काही शिल्लक नाही. वास्तुशांतीला गवंड्याला बोलावतात, रंगाऱ्यालाही बोलावतात. सेंटरिंगवाला कुणाच्या लक्षात राहत नाही.

मी मूळचा हिंगोलीकडचा. मामा सुरतेत गोडादऱ्यात राहायचे, लूमवर कामाला होते. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि आपल्या खात्यात चिकटवलं. मला तो आवाज झेपला नाही. घरी आलो तरी कानात मागाचे धोटे पळत राहायचे आणि जेवताना मामी काय विचारते ते कळायचं नाही. त्याच चाळीत आमच्या शेजारी शहाद्याकडचा एक सुतार राहायचा, गुलाबनाना. वयाने माझ्यापेक्षा थोडाच मोठा, पण तेव्हाही सगळे नानाच म्हणायचे. त्याने मला विचारलं, "भाऊ, तुले हातोडी धरता येस का?" मी येत नसताना हो म्हणालो. तेव्हापासून आम्ही दोघे बरोबर आहोत. पुढे मी ठेकेदार झालो आणि नाना माझा मुकादम झाला, पण कुठे किती टेकू लावायचे हे अजून तोच ठरवतो आणि मी मान हलवतो.

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा म्हणून मागे लागले तेव्हा मला वाटलं, उंच इमारतींचं लिहावं. हजीऱ्याच्या कारखान्यातली कामं केली, तिथल्या गमती लिहाव्यात. पण लिहायला बसलो आणि डोळ्यांपुढे आला तो कालव्यावरचा एक लहानसा पूल.

चलथाणच्या पलीकडे उसाचा मुलूख आहे. तिथल्या एका गावाच्या कडेने मातीचा कालवा जातो. गाव एका बाजूला आणि शेतं दुसऱ्या बाजूला. दोन्हींना जोडणारा हा पूल. त्याचे लोखंडी गर्डर फार जुने, कुणी बसवले ते गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या गर्डरवर सागाचे जाड ठोकळे आडवे टाकलेले आणि त्यांच्यावर लांब फळ्या. बैलगाड्यांच्या काळात ते ठीक होतं. आता ऊस ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्यांतून आणि ट्रकमधून जातो. दर हंगामात दोन-चार फळ्या मोडायच्या, पाटबंधारे खातं नव्या टाकायचं, पुढच्या हंगामात त्याही मोडायच्या. मागच्या साली एका ट्रॉलीचं चाक फळीतून खाली गेलं आणि ऊस कालव्यात पडला. तेव्हा ठरलं की गर्डर चांगले आहेत ते ठेवायचे, लाकूड सगळं काढायचं आणि वर काँक्रीटचा स्लॅब टाकायचा.

हे काम आमच्याकडे आलं. खात्याच्या इंजिनिअर होत्या जागृतीबेन, वय तिशीच्या आतलं, बोलणं हळू आणि नजर बारीक. पहिल्या दिवशी त्या पुलाखाली उतरल्या, प्रत्येक गर्डर हातोडीने वाजवून पाहिला आणि वर येऊन म्हणाल्या, "भास्करकाका, लाकूड हलकं होतं. स्लॅब जड आहे. हे गर्डर एकट्याने तो उचलणार नाहीत. स्लॅब पिकून गर्डरशी एकजीव झाला की मग दोघे मिळून ट्रकही उचलतील. तोवर गर्डरना मधोमध टेकू पाहिजेत."

हे वाचकांनी लक्षात ठेवावं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. लोकांना वाटतं काँक्रीट सुकतं. ते सुकत नाही, पिकतं. उलट त्याला सुकू द्यायचं नसतं, वर पाणी भरून ठेवावं लागतं. बाहेरून ते दुसऱ्याच दिवशी दगडासारखं दिसतं आणि पोरंसोरं त्यावर उड्या मारतात. पण आतून ते अजून कच्चं असतं. त्या कच्च्या दिवसांत खालचा टेकू हलला तर भेग पडते आणि ती भेग मग जन्मभर राहते.

पावसाळ्यानंतर दुरुस्तीसाठी कालवा कोरडा ठेवतात. तेवढ्या मुदतीत स्लॅब टाकायचा होता, कारण दिवाळी झाली की कारखान्याचं गाळप सुरू होतं आणि पूल नसला तर पलीकडचा ऊस पलीकडेच राहतो.

आम्ही पहारी घेऊन पहिली फळी काढायला गेलो, तर पुलाच्या मधोमध एक बाई उभ्या होत्या. हातात काठी आणि मागे म्हशींचा कळप. या रमीलाबेन. घर गावात, चराईची जमीन कालव्यापलीकडे, आणि दोन्ही वेळचं दूध गावातल्या डेरीत. त्यांनी मला नाव-गाव काही विचारलं नाही.

"मारी भेंसो क्यांथी जशे?"

मी म्हणालो, "बेन, कालवा कोरडा आहे. खालून जातील."

"खालून कशा जातील? काठ बघ केवढा उभा आहे. तू उतरून दाखव."

मी उतरून दाखवलं. म्हणजे उतरायला लागलो आणि बसूनच खाली गेलो. म्हशींसमोर, कामगारांसमोर, जागृतीबेनसमोर. पँट मागून फाटली ती वेगळीच. रमीलाबेन हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "आता माझ्या म्हशीला असं बसवू?"

मग त्या दिवशी पूल राहिला बाजूला आणि आम्ही दोन्ही काठांना माती कापून उतार केले, म्हशीला जमतील असे. नाना स्वतः चारी पायांवर चालून उतार बघत होता. रमीलाबेनने आधी आपली पुढारी म्हैस चंपा हिला खाली नेलं. चंपा उतरली, पलीकडे चढली, तेव्हा त्या पुलावरून बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "हवे तोडो." आता तोडा.

एकदा परवानगी दिली तशी त्यांनी कामावर देखरेखही सुरू केली. सकाळी म्हशी पलीकडे सोडून आल्या की काठावर बसायच्या. कुठला कामगार सावलीत किती वेळ बसला हे मला त्यांच्याकडून कळायचं.

लाकूड काढायला वाटलं त्यापेक्षा जास्त वेळ लागला. बोल्ट गंजून ठोकळ्यांत असे रुतले होते की पाना लागेना, ते कापावे लागले. फळ्या बहुतेक कुजक्या होत्या, बोट लावलं तरी भुगा पडायचा. पण खालचे ठोकळे वेगळे निघाले. वरून काळे, चिरा गेलेले, आणि करवत घातली की आत मधासारखा रंग आणि ताज्या सागाचा वास. एक भंगारवाला रोज येऊन ढिगाऱ्याभोवती फिरायचा. गावातले लोक जळणासाठी मागायचे. नाना कुणाला हात लावू देत नव्हता.

"भाऊ, हाई लाकूड अजून जित्तं शे," तो म्हणाला. "थोडं राहू दे."

कशासाठी राहू दे, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. सुताराचा जीव असतो तसा. मी म्हटलं राहू दे, आणि ते ठोकळे काठावर रचून ठेवले.

गर्डर उघडे पडल्यावर आम्ही ते घासून रंगवले, त्यांच्या डोक्यावर लोखंडाची बोटं वेल्ड केली. ती बोटं स्लॅबला आतून धरून ठेवतात. गर्डरच्या मध्ये प्लाय टांगला, खाली कालव्याच्या तळावर लोखंडी टेकू उभे केले, सळया बांधल्या. काँक्रीटच्या गाड्या आल्या त्या दिवशी अर्धा गाव काठावर होता. अशा दिवशी मला अजूनही लग्नघरासारखं वाटतं. काँक्रीट एका टोकाकडून ढकलत न्यायचं नाही, दोन्ही अंगांनी सारखं वजन यावं म्हणून मधून सुरुवात करून दोन्हीकडे जायचं, असं जागृतीबेनने सांगितलं होतं आणि त्या स्वतः गमबूट घालून त्यात उभ्या होत्या. शेवटी नानाने वरचा थर ओला असतानाच खराट्याने आडवा ओढला. गुळगुळीत केला असता तर फोटोत छान दिसला असता, पण ओल्या चाकांना आणि खुरांना धरायला काहीतरी पाहिजे. संध्याकाळी रमीलाबेनने सगळ्यांना ताक पाजलं. दुसऱ्या सकाळी स्लॅबवर मातीच्या छोट्या क्याऱ्या करून पाणी भरलं आणि मी निवांतपणे गोडादऱ्याला घरी गेलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत जागृतीबेनचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच हळू होता.

"काका, उद्या पाणी सोडतायत."

त्या वर्षी पाऊस लवकर आटोपला होता. कालव्याच्या शेवटच्या टोकाला जी शेतं होती तिथला ऊस वाळायला लागला होता. ते शेतकरी खात्याच्या कार्यालयापुढे जाऊन बसले आणि पाणी मुदतीआधी सोडायचं ठरलं. आमचा स्लॅब अजून कच्चा होता. पाणी आलं की टेकूंच्या पायाखालची माती धुऊन निघणार. लोखंडी टेकूचा पाय म्हणजे ताटाएवढी पट्टी. ती चिखलात रुतली की टेकू कलतो. मग गर्डर वाकणार आणि कोवळ्या स्लॅबच्या पोटात भेग जाणार. तो फोडून परत करायला वेळच नव्हता, गाळप दाराशी आलं होतं.

मी आणि जागृतीबेन त्या शेतकऱ्यांना भेटायला गेलो. थोडे दिवस थांबा म्हणून सांगायचं, एवढंच मनात होतं. त्यांचे पुढारी होते धीरुभाई, उंच, पांढऱ्या मिशांचे, मृदू बोलणारे. आमचं सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चालो, मारी साथे." जीपमध्ये बसवून आम्हाला शेतावर घेऊन गेले. शेताच्या कडेला उभं करून एक ऊस उपटला आणि माझ्या हातात दिला. पानं पिवळी पडून गुंडाळली होती आणि कांडी बोटांत हलकी लागत होती, ऊस हलका लागू नये तेवढी.

धीरुभाई म्हणाले, "तुमचा स्लॅब फुटला तर दुसरा होईल. हा ऊस दुसरा कुठून आणू?"

मी लहानपणी वाळलेली शेतं पाहिली आहेत, त्यांच्या कडेला उभं राहून कुणाला थांब म्हणायला माझी जीभ वळत नाही. मी जागृतीबेनकडे पाहिलं. त्या पिकाकडे बघत होत्या.

"पाणी उद्याच सोडू," त्या म्हणाल्या. "फक्त आधी कालव्याचं दार थोडंच उघडू, दुपारनंतर पूर्ण. आणि आम्हाला आज माणसं द्या."

"माणसं जेवढी पाहिजेत तेवढी," धीरुभाई म्हणाले. "करणार काय?"

ते तेव्हा आम्हालाही ठाऊक नव्हतं. परतीच्या वाटेवर जीपमध्येच दोघांची चर्चा सुरू झाली. बारीक पायाचे टेकू चालणार नाहीत. रुंद बुडाचं काहीतरी पाहिजे, पाणी ज्याच्या मधून निघून जाईल असं. मी म्हटलं, जड यंत्र उचलताना आम्ही लाकडाचे ठोकळे दोन उभे, त्यावर दोन आडवे, परत दोन उभे, असे चौकटीवर चौकट रचत नेतो. जागृतीबेन म्हणाल्या, "एवढं जाड लाकूड एका दिवसात कुठून..." हे वाक्य त्यांनी अर्धवट सोडलं. आम्हा दोघांच्याही डोळ्यांपुढे एकच ढीग आला असावा.

पुलाशी पोचलो तर नाना त्या ढिगावर बसून बिडी ओढत होता.

मग दिवसभर जे चाललं तसा कामाचा दिवस मी पुन्हा पाहिला नाही. जागृतीबेन वाळूत काटकीने चित्र काढून हिशेब करत होत्या, नाना ठोकळे निवडत होता, धीरुभाईंच्या ट्रॅक्टरमधून दगड येत होते आणि त्यांची माणसं कालव्याच्या तळाला ते दगड हाताने बसवत होती. त्या दगडांवर आम्ही ठोकळ्यांच्या चौकटी रचल्या, अरुंद बाजू पाण्याकडे करून. जिथे ठोकळा ठोकळ्यावर बसतो तिथे लोखंडी खिळे ठोकले. सकाळी ज्यांच्याशी भांडायला निघालो होतो त्यांच्यातला एक जण माझ्या हातात खिळे देत होता आणि विचारत होता, "भाई, बराबर छे ने?"

रमीलाबेन काठावर होत्याच. बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, "अरे पण लाकडुं तो पाणीमां तरे."

सगळे थांबले. लाकूड पाण्यात तरंगतं, हरकत अगदी रास्त होती. जागृतीबेन हसल्या आणि त्यांनी चौकटींच्या पोकळीकडे बोट दाखवलं. "म्हणून तर वाळूच्या गोण्या भरतोय, बेन. चौकटीच्या पोटात. उठून जाता येणार नाही तिला."

"तो बराबर," रमीलाबेन म्हणाल्या आणि पदर खोचून गोण्या भरायला बसल्या.

उन्हं कलता कलता चौकटी गर्डरपर्यंत पोचल्या. शेवटची बोटभर फट राहते ती पाचरांनी भरायची असते. दोन पाचरी समोरासमोरून ठोकायच्या, म्हणजे त्या गर्डरला अलगद पण घट्ट धरतात. कमी ठोकल्या तर उपयोग नाही, जास्त ठोकल्या तर गर्डरच वर उचलला जाऊन स्लॅब खालून फुटतो. नानाने त्या स्वतः ठोकल्या, प्रत्येक घावानंतर लाकडाला कान लावून. मग एकेक लोखंडी टेकू सैल केला आणि काढला. वजन ठोकळ्यांवर आलं तेव्हा लाकूड थोडं करकरलं आणि गप्प झालं. ज्या ठोकळ्यांनी आजवर सगळ्या गावाचं येणंजाणं पाठीवर घेतलं, तेच आता खाली उभं राहून स्लॅबला सांभाळत होते. हे मी तेव्हा बोललो नाही. बोललो असतो तर नाना म्हणाला असता, आधी पाचर दे.

सकाळी पाणी आलं. कोरड्या कालव्यात पाणी येतं ते आपल्याला वाटतं तसं स्वच्छ येत नाही. पुढे फेस, काटक्या, चपला, प्लास्टिकच्या बाटल्या, आणि मागून तपकिरी पाणी, सावकाश, जमीन हुंगत आल्यासारखं. दोन्ही काठांवर माणसं उभी होती. कचरा चौकटींना अडला, पाण्याने वाट शोधली आणि ते मधून निघालं. जागृतीबेनने दोन्ही काठांच्या मध्ये गर्डरखालून एक दोरी ताणून ठेवली होती. गर्डर आणि दोरी यांच्यातलं अंतर कमी झालं की समजायचं, पूल खाली बसला. त्यांचे डोळे त्या दोरीवरून हलत नव्हते.

दुपारी दार पूर्ण उघडलं. पाणी छातीएवढं झालं आणि मधल्या चौकटीतून एक पाचर सुटून वाहत गेली. तिची जोडीदार सैल होऊन लटकायला लागली. कुणी काही म्हणायच्या आत नानाने सदरा काढला.

मी म्हणालो, "नाना, दोरी बांधल्याशिवाय नाही."

"मंग बांध," तो म्हणाला. "पाणी काय आपली वाट पाहस का?"

कमरेला दोरी बांधली, ती मी आणि धीरुभाईंनी धरली. नाना प्लायला धरत धरत मधल्या चौकटीपर्यंत गेला. एक हात गर्डरखाली, एका हातात हातोडी, नवी पाचर दातांत. पाण्याने त्याला एकदा बाजूला नेलं, आमच्या हातांना दोरीने चटका बसला, पण तो परत आला. त्याने पाचर बसवली. पहिला घाव, दुसरा, मग कान लावला, मग एक हलका. तो काठाला लागला तेव्हा धीरुभाईंनी स्वतःच्या खांद्यावरचा टॉवेल त्याच्याभोवती गुंडाळला.

जागृतीबेन गर्डरखालच्या दोरीकडे बघत बसल्या होत्या. मी विचारलं, "काय म्हणते?"

"आहे तिथेच आहे, काका." आणि पहिल्यांदाच त्यांनी चहा मागितला.

पाणी धीरुभाईंच्या उसापर्यंत पोचलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या कामगारांसाठी जेवण पाठवलं, त्यात उंधियूचं भांडं एवढं मोठं होतं की ते दोघांनी उचलून आणावं लागलं. फक्त रमीलाबेनची पंचाईत झाली. कालवा भरला, म्हशी पलीकडे अडकल्या, आणि कच्च्या स्लॅबवर कळप न्यायला जागृतीबेन तयार नव्हत्या. धीरुभाईंचा एक गोठा पलीकडे जवळच होता, त्यांनी म्हशी तिथे बांधून घेतल्या. रमीलाबेन सकाळ-संध्याकाळ गोणपाट अंथरलेल्या स्लॅबवरून एकट्या पायी जायच्या आणि दुधाच्या बरण्या घेऊन परत यायच्या. धीरुभाईंचा चारा चांगला होता, दूध वाढलं. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, डेरीवाल्याने आम्हाला सांगितलं.

पाणी बंद झालं, स्लॅब पिकला. जागृतीबेनने पहिल्या दिवशीची हातोडी घेऊन तो जागोजाग वाजवून पाहिला. भेग नव्हती. आम्ही पाचरी सोडल्या, चौकटी उतरवल्या. पाण्यात राहून ते ठोकळे अजूनच काळे झाले होते. धीरुभाईंनी त्यातले थोडे गोठ्याच्या दारासाठी मागून घेतले, खात्याने बाकीचे नेले. नानाने एक जाड तुकडा पिशवीत टाकला, त्याचे त्याने घरी पोळपाट केले. एक माझ्याकडे आहे.

पूल खुला करायच्या दिवशी साहेब लोक येणार होते. पुलाच्या दोन्ही तोंडांना रिबीन बांधली होती. पण कालव्यापलीकडून रमीलाबेन कळप घेऊन निघाल्या, कारण म्हशींना साहेबांची वेळ ठाऊक नव्हती. चंपा पुलाच्या तोंडाशी आली आणि थांबली. समोर पांढरा, लांब, कधी न पाहिलेला स्लॅब. तिने एक खूर ठेवला आणि उचलून घेतला. फळ्यांवर खूर पडला की आवाज व्हायचा, इथे काहीच वाजलं नाही. मागचा कळप दाटला. अलीकडून साहेबांची गाडी आली आणि तीही थांबली. ड्रायव्हरने हॉर्न दिला तशी चंपा चक्क खाली बसायच्या बेतात आली.

रमीलाबेनने काठी टाकली. त्या रिबिनीखालून वाकून पुलाच्या मधोमध आल्या, म्हशींकडे पाठ करून चालत राहिल्या आणि तोंडाने कसलासा आवाज काढत राहिल्या, चूच् चूच् असा. चंपाने बराच वेळ विचार केला. मग एक पाय टाकला, दुसरा टाकला, आणि ती चालायला लागली. रिबीन तिच्या शिंगात अडकून तुटली. अर्ध्या पुलावर तिने शेपटी वर केली आणि आमच्या नव्या कोऱ्या स्लॅबवर पहिला शिक्का मारला.

साहेब गाडीतून उतरून हसत होते, म्हणून आम्हीही हसलो. नाना शेजारी उभा होता. तो म्हणाला, "आते पूल गावना व्हयना, भाऊ." आता पूल गावाचा झाला.

त्या हंगामात उसाचे ट्रक त्या पुलावरून गेले आणि काही मोडलं नाही. जागृतीबेनची पुढे बदली झाली, सणाला त्यांचा फोन येतो. मला एकाच गोष्टीची चुटपुट आहे. फळ्यांचा पूल वाजायचा. गावातल्या बायकांना घरात बसून कळायचं की आता कोण येतंय, सायकल की गाडा की धनी. स्लॅब काही बोलत नाही. रमीलाबेन मला म्हणाल्या होत्या की आता म्हशी अंगणात आल्यावरच कळतात.

मागच्या महिन्यात आम्ही सगळे बारडोलीकडे एका लग्नाला चाललो होतो. मुलगा गाडी चालवत होता. मी मुद्दाम त्या वाटेने न्यायला सांगितलं, कारण माझ्या बायकोने, सुनंदाने, इतक्या वर्षांत माझं एकही काम पाहिलेलं नाही आणि त्या पुलाबद्दल मात्र शंभरदा ऐकलं आहे. ऊस दोन्ही बाजूंनी उंच झाला होता, तिचं आणि सुनेचं दागिन्यांवर काहीतरी चाललं होतं. थोड्या वेळाने सुनंदा म्हणाली, "अहो, तुमचा पूल कुठं राहिला?"

मुलगा म्हणाला, "आई, तो मागे गेला."

"कधी? मला कळलंच नाही."

मी त्याला गाडी वळवायला लावली. सुनंदा खाली उतरली, दोन्ही कठड्यांपर्यंत चालून आली, पायाने स्लॅब घासून पाहिला आणि म्हणाली, "हा? हा तर नुसता रस्ताच आहे हो."

मी म्हणालो, "हो ना," आणि तिथे उभा राहून थोडा वेळ मनसोक्त हसलो.